गृहव्यवहार : कपाट आपलें, किल्ली कोणाची?

एकत्र कुटुंबांत भांड्यांचें कपाट, धान्याची कोठी आणि दागिन्यांची पेटी यांच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला असाव्यात, याचा निर्णय सहसा कोणी बोलून करीत नाहीं. तो वर्षानुवर्षांच्या वहिवाटीनें होत आलेला असतो. संगणक मात्र या वहिवाटीला मुळींच जुमानीत नाहीं. तो घरांत आला त्या दिवशीं ज्यानें त्याची पहिली मांडणी केली, तोच त्याच्या लेखीं घरचा कर्ता. मग तो नववींत शिकणारा नातू कां असेना! आजोबांनीं स्वतःच लिहून ठेवलेला हिशेब उघडूं जावें आणि पडद्यावर ‘हा फोल्डर उघडण्याची तुम्हांला परवानगी नाहीं’ अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य झळकावें, हा प्रकार आमच्या ओळखीच्या पांच-सहा घरांत तरी घडलेला आहे. कोणी त्याला यंत्राचा बिघाड समजतात, कोणी विषाणूची बाधा म्हणतात, आणि कोणी (हें सर्वांत वाईट) घरांतल्याच एखाद्यावर संशय घेतात. बहुतेक वेळां यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून या महिन्याचीं पानें आम्ही या एकाच विषयाला दिलीं आहेत.

भंडारा शहरांतील एका घराची हकीकत येथें उपयोगी पडेल. नांवगांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तिघे भाऊ, त्यांचीं कुटुंबें, एक स्वयंपाकघर. थोरले बंधु शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झालेले. त्यांनीं सात-आठ वर्षें खपून घरचे सारे कागद संगणकावर चढविले होते : आजोबांच्या वेळचे मालगुजारीचे कागद, पवनी तालुक्यांतील जी जमीन गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखालीं गेली तिच्या मोबदल्याचा पत्रव्यवहार, साकोलीकडील शेताचे जुने उतारे. मूळ कागदांपैकीं बरेचसे मध्यंतरीं वाळवीनें खाल्ले. गेल्या वर्षीं थोरले बंधु वारले. वारसांची नोंद व पुढें वांटणी करावयाची, तर कागद पाहिजेत. आजचा सातबारा सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीसह घरबसल्या मिळतो हें खरें. पण तीस वर्षांपूर्वीं कोणत्या कचेरीला काय लिहिलें आणि तिनें काय उत्तर दिलें, हें कोणतेंहि संकेतस्थळ सांगत नाहीं.

थोरल्यांचा संगणक विंडोज-सातवर चालणारा, जुना. त्याचा वीज पुरविणारा डबा जळालेला. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं त्यांतील हार्ड डिस्क काढली, एका लहानशा पेटींत बसविली आणि आपल्या नव्या विंडोज-अकराच्या संगणकाला तारेनें जोडली. डिस्क दिसली, काकांच्या नांवाचा फोल्डरहि दिसला, उघडेना. ‘कंटिन्यू’ असें लिहिलेली कळ दाबून पाहिली, तरी नकार कायम. मग तीन आठवडे प्रयोग चालले. फोल्डरच्या गुणधर्मांच्या खिडकींत ‘रीड-ओन्ली’ म्हणून एक चौकोन असतो. तो भरलेला दिसला म्हणून पुसावा, पुन्हां पाहावें तों तो भरलेलाच! या चौकोनानें आजवर जितके लोक फसविले तितके क्वचितच दुसऱ्या कोणी फसविले असतील. फोल्डरच्या बाबतींत त्या चौकोनाला तसा अर्थच नसतो. तो आंतल्या फाइलींपुरता असतो, आणि आपल्या अडचणीशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. एका दुकानदारानें तर डिस्क ‘साफ करून’ देण्याची तयारी दाखविली. सुदैवानें तें कोणी ऐकलें नाहीं.

आतां हें असें कां होतें तें पाहूं.

परवानगीची ही कल्पना घरगुती संगणकाची नव्हेच. इ. स. १९६० नंतरच्या दशकांत एक प्रचंड यंत्र आणि त्यावर एकाच वेळीं काम करणारीं अनेक माणसें अशी व्यवस्था अमेरिकेंतील विद्यापीठांत आली, आणि एकाचे कागद दुसऱ्यानें पुसूं नयेत म्हणून मालक कोण, वाचणारा कोण, लिहिणारा कोण याची टांचणें ठेवावीं लागलीं. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्सनें पुढें ही व्यवस्था तीन वर्गांत बसविली : मालक, त्याचा गट आणि इतर जन. पुढें घराघरांत संगणक गेले तेव्हां ‘एका माणसाचें एक यंत्र’ या समजुतीनें हा सारा बंदोबस्त सोडून देण्यांत आला; विंडोज-९५ किंवा ९८ असलेल्या संगणकावर जो बसेल तो धनी. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १९९३ सालीं कचेऱ्यांसाठीं काढलेल्या विंडोज एनटीमध्यें मात्र एनटीएफएस नांवाची नवी रचना होती, आणि तींत प्रत्येक फाइलीस मालक व परवानग्यांची यादी जोडलेली होती. २००१ सालच्या विंडोज एक्सपीबरोबर ही रचना सामान्य घरांत शिरली. कचेरीचा कायदा न विचारतां माजघरांत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. गंमत अशी कीं एक्सपीच्या घरगुती आवृत्तींत परवानग्यांचें पान नेहमींच्या वापरांत लपवूनच ठेवलें होतें. कायदा लागू, पण कायद्याचें पुस्तक कुलुपांत!

आमच्या भंडाऱ्याकडील वाचकांना हें समजण्यास फार कष्ट पडूं नयेत. त्यांचा जिल्हा तलावांचा. १९५१ सालीं मालगुजारी संपुष्टांत येईपर्यंत गांवचा तलाव मालगुजाराचा असे. परंतु त्यांतील पाणी कोणाच्या बांधींत जावयाचें, गुरें कोणत्या बाजूनें उतरावयाचीं, याचे हक्क वाजिब-उल-अर्जांत वेगळे लिहिलेले असत. मालकी एक आणि निस्तार दुसरा. संगणकांतील फोल्डरचीहि अगदीं हीच गोष्ट आहे. मालक कोण हा एक रकाना. वाचावें कोणीं, लिहावें कोणीं, पुसावें कोणीं हे दुसरे रकाने. दोहोंत फरक इतकाच कीं, येथें मालकाला स्वतःला वाचण्याची परवानगी नसली तरी परवानग्यांची यादी बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नेहमीं राहतो. सर्व दुरुस्तीचें मर्म या एका वाक्यांत आहे : आधीं मालकी घ्यावी, मग त्या मालकीच्या बळावर परवानगी लिहावी.

पण मालकाचें नांव एकच असतांना नव्या संगणकानें त्याला ओळखूं कां नये? कारण संगणक नांवानें ओळखतच नाहीं. प्रत्येक खात्याला त्यानें एक लांबलचक क्रमांक दिलेला असतो, आणि आपणांस दिसतें तें नांव ही केवळ दारावरची पाटी होय. जुन्या यंत्रावर ‘काका’ नांवाचें खातें होतें आणि नव्यावरहि ‘काका’ नांवाचेंच खातें काढलें, तरी दोन्हीं क्रमांक भिन्न. म्हणूनच त्या भंडाऱ्याच्या घरीं परवानग्यांच्या यादींत काकांच्या नांवाऐवजीं एक प्रश्नचिन्ह आणि आंकड्यांची माळ दिसत होती. तें कोणीं केलेलें कारस्थान नव्हे. परगांवच्या माणसाचा दाखला इथल्या दप्तरांत सांपडत नाहीं, इतकेंच.

दुरुस्तीची रीत सांगतों. प्रथम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे व्यवस्थापक-दर्जाच्या खात्यानें आंत शिरावें. डिस्क टक्‌टक्‌ आवाज करीत असेल किंवा मध्येंच नाहींशी होत असेल, तर परवानगीचा विचार सोडून आधीं जाणत्या माणसाकडे जावें. तो दोष वेगळा. डिस्क धड असेल, तर नेमक्या हव्या त्या फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, त्यांत ‘सिक्युरिटी’, त्यांत ‘ॲडव्हान्स्ड’ या क्रमानें जावें. वरच्या बाजूस ‘ओनर’ म्हणून मालकाचा उल्लेख असतो व त्याजवळ ‘चेंज’ असा शब्द. तो दाबून आपल्या खात्याचें नांव लिहावें, ‘चेक नेम्स’ दाबून तें बरोबर असल्याची खात्री करावी. परत आल्यावर मालकाच्या नांवाखालीं एक चौकोन दिसेल : आंतील सर्व फोल्डर व फाइलींचाहि मालक बदलावा काय? त्यांत खूण करावी. ती विसरली तर बाहेरचें दार उघडतें आणि आंतल्या खोल्या बंदच राहतात. मग ‘ओके’ करून सर्व खिडक्या बंद कराव्या व पुन्हां तेथेंच यावें, कारण नव्या मालकाला यादी लिहूं देण्यापूर्वीं संगणकाला हें येणें-जाणें लागतें. दुसऱ्या खेपेस ‘ॲड’ दाबून आपलें नांव यादींत घालावें. नुसतें वाचावयाचें असेल तर ‘रीड’ पुरे. कागदांची उस्तवारी करावयाची असेल तर ‘मॉडिफाय’. ‘फुल कंट्रोल’ म्हणजे यादी बदलण्याचाहि हक्क; तो घरांत एका माणसाजवळ असला म्हणजे झालें. हजारों फाइली असल्यास काम पुरें होण्यास वेळ लागतो. मध्यें वीज जाणार नाहीं अशी वेळ पाहावी.

हेंच काम काळ्या खिडकींत आज्ञा लिहूनहि होतें, आणि जाणते लोक तसेंच करतात. तेथें जुनी परवानग्यांची यादी एका फाइलींत उतरवून ठेवण्याचीहि सोय आहे, हा तिचा मोठा गुण.

येथें एक ताकीद द्यावीशी वाटते. या त्राग्यांत ‘एव्हरीवन’ म्हणजे सर्वांना ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकावें, आणि तेंहि एका फोल्डरला नव्हे तर सबंध सी-ड्राइव्हला, अशी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तसें कदापि करूं नये. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी तिनें मुद्दाम एका वेगळ्या अंतर्गत खात्याकडे ठेवलेली असते. ती मोडली कीं उद्यां दुसरीच कांहीं यंत्रणा रुसून बसते, आणि आलेल्या विषाणूलाहि मग कोणतें दार ठोठवावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट ‘डिनाय’ या रकान्याची. परवानगी न देणें आणि स्पष्ट मनाई करणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. एका घरीं काकांनीं मुलांनीं हिशेबांत हात घालूं नये म्हणून ‘यूझर्स’ या गटाला मनाई केली. पण त्या संगणकावर बसणारा प्रत्येक जण, खुद्द काकासुद्धां, त्या गटांत मोडतो, आणि एकाच यादींत मनाई व परवानगी समोरासमोर आल्या तर मनाई श्रेष्ठ. काका बाहेर! मुलांचें नांव यादींतून नुसतें काढलें असतें तरी भागलें असतें, कारण ज्याचें नांव नाहीं त्याला प्रवेश नाहींच. मनाईचा रकाना घरगुती वापरांत जवळजवळ कधींच लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

वारशाविषयींहि दोन शब्द. नवी फाइल ज्या फोल्डरांत जन्मते त्याच्या परवानग्या तिला आपोआप मिळतात. तिची प्रत काढून दुसरीकडे ठेवली तर प्रतीला नव्या घरच्या परवानग्या लागतात; पण मूळ फाइलच त्याच डिस्कवर एका फोल्डरांतून उचलून दुसऱ्यांत हलविली, तर ती माहेरचे निर्बंध बरोबर आणूं शकते. वहिनींनीं आपल्या खात्यांतून पाककृतींची वही सर्वांच्या फोल्डरांत टाकली आणि ती सासूबाईंना उघडेना, याचें कारण बहुधा एवढेंच असतें. प्रत काढावी, रुसवा धरूं नये.

पेन-ड्राइव्हवर मात्र ही सारी व्यवस्था बहुधा नसतेच. बाजारांत मिळणाऱ्या पेन-ड्राइव्हची रचना बहुतेक जुन्या, सरळ पद्धतीची असल्यानें तीवर मालक नाहीं आणि यादीहि नाहीं; ज्याच्या हातीं पडेल त्याला वाचतां येतें. वांटणीचे कागद आतेभावाला देतांना याचें भान ठेवावें.

आतां पुन्हां भंडाऱ्याकडे वळूं. वर सांगितलेल्या रीतीनें मालकी घेतल्यावर मालगुजारीचे कागद, उतारे, छायाचित्रें हें सारें उघडलें. परंतु धरणाच्या मोबदल्याचा फोल्डर व त्याच्या शेजारचा एक लहान फोल्डर, हे दोन उघडूनहि उघडेनात. आंतल्या फाइलींचीं नांवें दिसत, पण फाइल उघडतांच तोच जुना नकार. त्या फाइलींच्या चित्रांवर एक छोटेसें कुलूप होतें. हें कुलूप परवानगीचें नव्हे. थोरल्या बंधूंनीं तीं पत्रें विंडोजच्या सांकेतिक लिपींत बांधून ठेवलीं होतीं, आणि संकेताची किल्ली त्यांच्या जुन्या खात्याच्या आंत होती. मालकी कितीहि वेळां बदलली तरी सांकेतिक मजकूर वाचतां येत नाहीं. दुर्दैव असें कीं, दोन्हीं वेळीं पडद्यावरचें वाक्य जवळजवळ एकच असतें, त्यामुळें लोक परवानग्यांशींच झगडत बसतात.

अशा वेळीं करावयाचें तें एकच : डिस्क जुन्या यंत्रांत परत बसवावी, तें यंत्र चालू करावें आणि मूळच्या खात्यांत मूळच्या संकेतशब्दानें शिरावें. संकेतशब्द ठाऊक नाहीं म्हणून बाहेरून जबरदस्तीनें नवा बसविला, तर खातें उघडतें खरें, पण सांकेतिक फाइलींची किल्ली त्याच क्षणीं निरुपयोगी होते. नव्या संगणकांत सबंध डिस्कच बांधून ठेवण्याची पद्धत आहे. तेथें ४८ आंकड्यांची एक किल्ली लागते, आणि ती बहुधा यंत्र मांडणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जमा असते. तें खातें कोणाचें, हें घरांतील निदान दोन माणसांना ठाऊक असलें पाहिजे.

भंडाऱ्याच्या घरीं जुना डबा अजून भंगारांत गेला नव्हता. थोडक्या खर्चांत नवा वीजपुरवठा बसविला गेला. राहिला संकेतशब्द. पुतण्यांनीं जन्मतारखा, गाडीचे क्रमांक, देवांचीं नांवें असे तर्क चालविले. तीन आठवड्यांत एकाहि पुरुषाला काकूंना विचारण्याचें सुचलें नाहीं! त्या संगणकावर बसत नसत हें खरें. पण थोरले बंधु शेवटचे कांहीं महिने अंथरुणावर असतांना तेच संकेतशब्द सांगत आणि काकू पेन्शनचा मजकूर उघडून त्यांना वाचून दाखवीत. त्यांनीं येऊन संकेतशब्द स्वतःच्या हातानें घातला, आणि मोबदल्याचीं सारीं पत्रें उघडलीं. शेजारच्या लहान फोल्डराकडे पुतण्याचा हात जाऊं लागला, तेव्हां त्या म्हणाल्या, “तो राहूं दे रे बाळा. तीं त्यांचीं माझ्यासाठीं लिहिलेलीं पत्रें आहेत. तो मला एकटीला उघडेल असा करून दे.”

वांटणीच्या कागदांवर सर्वांचा हक्क, हें काकूंनाहि मान्य होतें. या फोल्डरावर कोणाचाच नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस तें सर्वथैव न्याय्य वाटतें. परंतु परवानग्यांच्या यादीनें हें साधेल काय? अर्धेंमुर्धें साधेल. काकूंचें वेगळें खातें काढून त्या फोल्डरच्या यादींत त्यांचें एकटीचें नांव ठेवतां येतें, आणि घरांतील इतर साध्या खात्यांना तो उघडणार नाहीं. पण व्यवस्थापक-खातें ज्याच्याजवळ आहे, तो वरच्याच रीतीनें मालकी घेऊन केव्हांहि आंत जाऊं शकतो. आणि तें खातें पुतण्याजवळ. हा अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नव्हे. काकूंनीं कोणावर अवलंबून राहावें कीं नाहीं, असा प्रश्न आहे. शेवटीं तीं पत्रें एका वेगळ्या लहान डिस्कवर संकेतशब्दासह बांधून काकूंच्या हातीं दिलीं, दोन्हीं संगणकांवरून काढून टाकलीं, आणि संकेतशब्द काकूंनीं स्वतः ठरविला. तो कागदावर लिहून त्यांनीं आपल्या ट्रंकेंत ठेवला आहे. संगणकशास्त्रज्ञ याला नाक मुरडतील, परंतु त्या घरांत त्या ट्रंकेला कोणी हात लावीत नाहीं.

ज्यांच्या घरीं अद्यापि असा प्रसंग आलेला नाहीं, त्यांनीं एक रविवार खर्चून प्रत्येकाला स्वतंत्र साधें खातें काढून द्यावें. व्यवस्थापक-खातें निराळें असावें, नवी साधनें बसविण्यापुरतेंच त्यांत शिरावें, आणि त्याचा संकेतशब्द कर्त्या पुरुषाबरोबर घरांतील एका स्त्रीलाहि ठाऊक असावा. सर्वांनीं पाहावयाचे कागद ठेवण्यास विंडोजमध्यें ‘पब्लिक’ नांवाचा फोल्डर मुळांतच असतो. नवा काढण्याची यातायात नको. नव्या विंडोजमध्यें ई-मेलच्या पत्त्यानें खातें काढलें तर घरच्या फोल्डराला त्या पत्त्याचीं पहिलीं पांच अक्षरें देण्यांत येतात, त्यामुळें कित्येकांचीं नांवें चमत्कारिक रीतीनें तुटतात. तो दोष नव्हे. तसेंच एखादी जुनी हिशेबाची किंवा टंकलेखनाची आज्ञावली ‘डॉक्युमेंट्स’मध्यें कांहींच जतन करूं देत नसेल, तर परवानग्या चाळण्यापूर्वीं विंडोजच्या सुरक्षा-दालनांत ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नांवाचा पहारा कोणीं चालू केला आहे काय तें पाहावें. २०१७ सालापासून असलेला हा पहारा चांगला आहे, पण तो ओळखीच्या माणसालाहि अडवितो.

जुनी डिस्क भंगारवाल्याला देणाऱ्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, पुतण्यानें जें केलें तें भंगारवाल्यालाहि करतां येतें. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, मालकी घेतली, झालें. म्हणून देण्यापूर्वीं ती पूर्ण ‘फॉरमॅट’ करावी. ‘क्विक’ म्हणजे झटपट या शब्दापुढील खूण काढून टाकावी, म्हणजे विंडोज सबंध डिस्कवर शून्यें लिहिते. या कामाला कित्येक तास लागतात, तेव्हां रात्रीं लावून ठेवावें. नव्या, फिरता भाग नसलेल्या डिस्कना ही रीत लागू नाहीं. त्यांच्यासाठीं तयार करणाऱ्या कंपनीचीच पुसण्याची आज्ञावली वापरावी. आणि कागदांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागीं उघडून पाहिल्याखेरीज यांतलें कांहींहि करूं नये.